खेकडा मोठ्या मापात : १:३२ घ्यावं, १:३७ की १:४३.५?

घाटमाथा

मंडळी, जीआयपी रेल्वेचं (मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी) विजेचं इंजिन ईएफ-१, म्हणजेच पुढचं डब्ल्यूसीजी-१, ज्याला आपण खेकडा म्हणतो, त्याचं मॉडेल मोठ्या मापात बांधायला घेतोय. एचओमध्ये (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मापात) भारतीय इंजिनं करणारे आता बरेच आहेत. मला मात्र हे इंजिन मोठंच हवंय, कारण त्याचं सगळं सौंदर्य कमरेखाली आहे. मोटारी जॅकशाफ्ट (चाक नसलेला मधला शाफ्ट) फिरवतात, जॅकशाफ्ट रॉडला ओढतो आणि तो रॉड एका बोगीची तिन्ही चाकं फिरवतो. १:८७ मध्ये त्या रॉडच्या नुसत्या रेघा उरतात. बोल्टचं डोकं, तेलाची वाटी, रॉडची जाडी, काहीच हाती लागत नाही.

नवीन सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. व्हीटी ते कुर्ला ही हार्बर मार्गाने धावलेली देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ची. त्यानंतर दशक संपेपर्यंत १५०० व्होल्ट डीसीच्या तारा कल्याणच्या पुढे पुण्याच्या आणि इगतपुरीच्या दिशेने दोन्ही घाट चढल्या. विजेसाठी ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. भोर घाट आणि थळ घाट, दोन्हीकडे चढण १:३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर. तिथे मालगाडी ओढायला १९२८ पासून ही इंजिनं आली, एकूण ४१. काही स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरच्या एसएलएमने बांधली, बाकीची इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीने, आणि विजेचं सामान मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं. ताकद सुमारे २६०० अश्वशक्ती. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकं, खाली तीन-तीन चाकांच्या दोन बोग्या.

अडलंय ते मापावर. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६७६ मिमी. बाजारात मोठ्या मापाचा तयार ट्रॅक मिळतो तो एक तर ४५ मिमीचा, नाही तर ३२ मिमीचा, आणि दोन्ही परदेशी स्टँडर्ड गेज किंवा मीटरगेज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले. हिशेब असा :

१:३२ घेतलं तर आपल्याला ५२.४ मिमीचा ट्रॅक लागतो. असा ट्रॅक कोणी विकत नाही.
१:४३.५ घेतलं तर ३८.५ मिमी. तोही तयार मिळत नाही.
उलट ४५ मिमीचा ट्रॅक कायम ठेवला तर माप १:३७.२ येतं.

माझा कल १:३७ कडे आहे. तुम्ही काय कराल?

ओ_स्केल_ओंकार

मी १:४३.५ घेईन. बफर, कपलिंग, स्प्रिंगा, दिवे, सगळं सात मिलिमीटर मापात (फुटाला सात मिमी, म्हणजेच १:४३.५) ब्रिटनमधून तयार मिळतं. जीआयपीचा बराचसा माल ब्रिटिश घडणीचाच होता, त्यामुळे हे सुटे भाग शोभतातही. १:३७ मध्ये प्रत्येक बफर स्वतः लेथवर काढावा लागेल.

जागेचाही विचार कर. खेकडा जवळपास २० मीटर लांब. १:४३.५ मध्ये ४६ सेंमी, १:३७ मध्ये ५४ आणि १:३२ मध्ये साडेबासष्ट. मागे वीस वाघिणी जोडल्या की फरक कळतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे प्रकरण मावायला हवं.

घाटमाथा

ओंकार, पण १:४३.५ मध्ये तू रूळ कुठला वापरणार? ३२ मिमीचा वापरलास तर मूळ मापात तो १३९२ मिमी होतो. म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा २८४ मिमी कमी, १७ टक्के अरुंद. १:३२ चं इंजिन ४५ मिमीवर बसवलं तरी १४ टक्के कमी पडतात.

मला नेमकं तेच नको आहे. समोरून बघितलं की आपली ब्रॉडगेजची इंजिनं पाय रोवून उभी दिसतात. चाकं जवळजवळ अंगाच्या कडेपर्यंत येतात आणि खेकड्यात तर चाकांच्याही बाहेर क्रँक आणि रॉड फिरतो. रूळ अरुंद केला की चाकं आत सरकतात, बाजूला पोकळी पडते आणि रॉड एक तर अंगाखाली लपतो, नाही तर क्रँकपिन लांब करून ओढूनताणून बाहेर काढावा लागतो. वरचं अंग कितीही हुबेहूब असो, समोरून बघणाऱ्याला ते इंजिन परकं वाटतं. सुटे भाग बनवायचे कष्ट मी घेईन. चुकीच्या रुंदीवर मात्र कितीही कष्ट घेतले तरी ती चूक भरून निघत नाही.

ओ_स्केल_ओंकार

मी ३८.५ मिमीचा ट्रॅक स्वतःच घालणार आहे. स्लीपर लाकडी, रूळ निकल सिल्व्हरचा, आणि रुळांतलं अंतर धरायला पितळेचे गेज लेथवर काढून घेतले आहेत. सरळ ट्रॅक अवघड नाही, वेळ खातात ते पॉइंट. चेकरेल (चाकाला आतून धरणारा जादा रूळ) आणि फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) यांचं अंतर चाकाच्या आतल्या मापाशी जुळलं नाही तर प्रत्येक पॉइंटवर चाक उडतं. बागेत पळवायचं असेल तर तुझा ४५ मिमी बरोबर आहे, तयार पॉइंट मिळतात. मला शेल्फवरचा बारकाईचा लेआउट हवा आहे.

मधुरा_बाझल

मी गेली काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये आहे. लुत्सर्नच्या वाहतूक संग्रहालयात इथली क्रोकोडाइल, म्हणजे खेकड्यासारखंच लांब नाकांचं स्विस इंजिन, पाहिली तेव्हा पहिल्यांदा आठवला तो वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारातला खेकडा.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण अनेकजण मार्कलिन या मॉडेल कंपनीची एक नंबर गेजची (४५ मिमी ट्रॅकची) क्रोकोडाइल घेऊन तिचा खेकडा करायचं म्हणतात. ती क्रोकोडाइल म्हणजे स्विस ‘सीई ६/८ दोन’ वर्गाची इंजिनं, १९१९ ते १९२२ मधली, ३३ बांधली गेली, घराणं तेच. पण तिला दोन्ही टोकांना एकेक लहान बिनमोटारीचं चाक आहे. आपल्या ईएफ-१ ला ते नाही. सहाच्या सहा धुरा चालवणाऱ्या, सगळं वजन त्यांच्यावरच. नाकाची लांबी, बफरपासून पहिल्या चाकापर्यंतचं अंतर, सगळा तोल त्यामुळे वेगळा आहे. शिवाय स्विस इंजिन १५ हजार व्होल्ट एसीवर चालणारं, पोटात ट्रान्सफॉर्मर घेऊन. आपलं डीसी, त्याला त्याची गरज नाही.

आणि गोटहार्डची चढण दर हजारी सत्तावीसपर्यंत जाते. आपल्या घाटांची १:३७ ची चढण म्हणजेही दर हजारी सत्तावीस. इथल्या घाटासाठी घडलेली रचना आपल्या घाटात का चालली, हे त्या एका आकड्यात दिसतं.

नवशिक्या_नाशिक

मग एलजीबी या मॉडेल कंपनीची, स्वित्झर्लंडच्या रेटियन रेल्वेची छोटी क्रोकोडाइल घेतली तर? तिला टोकाची चाकं नाहीत, सहा धुरा आहेत आणि ट्रॅकही ४५ मिमीच. खालचा सांगाडा तयार मिळेल.

मधुरा_बाझल

‘जीई ६/६ एक’ वर्गाचं इंजिन म्हणताय ना? कल्पना चांगली आहे, पण ते मीटरगेजचं इंजिन १:२२.५ मापात आहे. खऱ्या इंजिनाचं चाक १०७० मिमी, म्हणजे मॉडेलचं सुमारे ४७.५ मिमी. तेच चाक १:३७ च्या इंजिनाखाली घातलं तर ते पावणेदोन मीटरचं ठरतं. एक्स्प्रेस गाडीच्या वाफेच्या इंजिनाला शोभणारं चाक मालगाडीच्या इंजिनाखाली. सांगाडा तयार मिळेल, पण खेकडा दिसणार नाही.

ठाकुर्लीकर

पोरांनो, छान चाललंय. मी कल्याणच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक विभागात होतो. माझ्या वेळेपर्यंत खेकडे घाटातून उतरून शंटिंगला लागले होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेही संपलं.

मॉडेल करणारे एक गोष्ट नेहमी चुकवतात, ती सांगतो. रॉड चांदीसारखे चकचकीत ठेवू नका. चालू इंजिनाचा रॉड तेलाने काळपट असतो, फक्त जिथे पुसला जातो तिथे पोलादाची चमक दिसते. क्रँकपिनभोवती तेल उडून चाकाच्या आऱ्यांवर त्याचा ओघळ पडलेला असतो आणि त्या ओघळावर ब्रेकची भुकटी चिकटून तांबूस-काळा थर जमतो. चाकाचा वरचा अर्धा कोरडा धुळकट, खालचा ओलसर काळा. वाळूच्या नळ्यांची तोंडं रुळाशी येतात तिथे फिकट डाग. घाटात वाळूशिवाय चालत नसे, विशेषतः पावसाळ्यात.

आवाजाचंही बघा. खेकडा उभा असला की एक घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज यायचा. चालू लागला की रॉडचा सपसप असा वेगळाच. डोळे मिटून सुद्धा कळायचं कोण आलंय.

घाटमाथा

काका, मनापासून आभार. ही माहिती कुठल्याही ड्रॉइंगमध्ये मिळाली नसती. रंगाबद्दल एक विचारतो. जीआयपीचं ठेवू की मध्य रेल्वेचं?

ठाकुर्लीकर

आधी साल ठरव, मग रंग. जीआयपी ठेवायचं तर ४५०० च्या मालिकेतला नंबर आणि ईएफ-१. मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, त्यानंतरचं ठेवायचं तर डब्ल्यूसीजी-१ : डब्ल्यू ब्रॉडगेजचा, सी डीसीचा, जी मालगाडीचा. साल ठरलं की मागच्या वाघिणीही ठरतात. जुन्या काळाला चार चाकांच्या बंद वाघिणी आणि शेवटी गार्डाचा डबा. जीआयपीचा नंबर आणि मागे नंतरच्या काळातल्या बॉक्स वाघिणी असं करू नकोस.

दिल्लीला चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात ४५०२, सर लेस्ली विल्सन, उभं आहे. पण संग्रहालयातल्या इंजिनाचा रंग हा शेवटी कोणीतरी नव्याने दिलेला रंग असतो. मापं तिथून घे. रंगासाठी त्या सालातले फोटो शोध.

पितळ_आणि_पत्रा

खरी परीक्षा रॉडची आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. एका बोगीत तीन धुरा आणि एक जॅकशाफ्ट, म्हणजे चार शाफ्ट एकमेकांना बांधलेले. डाव्या बाजूचा क्रँक उजव्याच्या ९० अंश पुढे किंवा मागे असतो, म्हणजे एक बाजू मृत बिंदूवर (जिथे रॉडचा जोर चाक फिरवू शकत नाही) असताना दुसरी पूर्ण जोरात ढकलत असते. हा कोन चारही शाफ्टवर सारखा हवा. तो नेमका ९० च हवा असं नाही. ८९ असेल तर चारही ८९ असू देत. एकच वेगळा पडला की बोगी दर फेऱ्याला एका जागी अडखळते.

दुसरं, भोकांची अंतरं. माझी पद्धत अशी. दोन्ही बाजूंचे रॉड आणि दोन्ही साइड फ्रेम, चारही पट्ट्या एकत्र झाळून एकच गठ्ठा करायचा. मग धुरांची भोकं त्या गठ्ठ्यातून एकदमच पाडायची, आधी १.५ मिमी, मग गरम करून पट्ट्या सुट्या करायच्या आणि प्रत्येकीची भोकं हव्या त्या मापाला रीमरने वाढवायची. अंतरं आपोआप जुळतात, कारण ती एकाच ड्रिलच्या एकाच फटक्यातून आलेली असतात. अंतर मोजून वेगवेगळी भोकं पाडणाऱ्याचं अर्धा-पाव मिलिमीटर कुठेतरी हलतंच.

तिसरं, उसळी. चारही शाफ्ट ताठ ठेवले तर ट्रॅकच्या बारीक उंचवट्यावर एक चाक उचललं जातं. म्हणून जॅकशाफ्ट आणि त्याला लागून असलेली धुरा पक्की, बाकीच्या दोन धुरा अर्धा मिलिमीटर वर-खाली हलणाऱ्या, आणि त्या धुरांना हलता यावं म्हणून रॉड क्रँकपिनांपाशी सांध्यांनी विभागलेला. सांधा पिनवरच ठेवा, रॉडच्या मधोमध नाही.

ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी चौकोनी टोकाच्या धुरांची तयार चाकं घ्यावीत. स्लेटर्स या ब्रिटिश कंपनीची तशी मिळतात, चाक चौकोनावर बसतं आणि कोन आपोआप जुळतो. पितळी पत्रा आणि पट्ट्या मुंबईत गुलालवाडीला, पुण्यात बोहरी आळीत मिळतील. रॉडसाठी पितळ नको, निकल सिल्व्हर किंवा स्टील घ्या. काका सांगतात तो काळपट पोलादी रंग पितळेवर कधीच बसत नाही.

घाटमाथा

हा प्रतिसाद मी प्रिंट काढून बाकावर लावणार आहे. मोटर जॅकशाफ्टवर द्यावी की धुरेवर?

पितळ_आणि_पत्रा

खऱ्यासारखं हवं तर जॅकशाफ्टवर. मग संपूर्ण ताकद रॉडमधून जाते आणि पिना लवकर झिजतात, बुश घालावेच लागतील. बागेत तासन् तास चालवायचं असेल तर गिअरबॉक्स पक्क्या धुरेवर बसवा, जॅकशाफ्टला रॉड फिरवू देत. बघणाऱ्याला फरक कळत नाही. मी दुसरं करेन.

गिअरचा हिशेब असा. समजा चाक ३३ मिमीचं आलं. १:३७ मध्ये ताशी ४० किमी म्हणजे ट्रॅकवर सेकंदाला ३० सेंमी. त्यासाठी चाक मिनिटाला सुमारे १७५ फेरे. मोटर ५००० फेऱ्यांची असेल तर ३०:१ चा वर्म गिअर. मालगाडी घाट चढताना याहून बरीच हळू असते, तेव्हा याहून वेगवान गिअर घेऊ नका. मोठ्या इंजिनाचं सगळं रूप हळू चालण्यात आहे.

विदर्भवाला

नागपुरातून लिहितोय. अंग थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए वापरू नका. साधारण ६० अंशांना ते मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवर उन्हात ठेवलेल्या काळ्या इंजिनाचं अंग तिथपर्यंत सहज पोचतं. नाकाचं टोपण मधून खचतं. एएसए किंवा एबीएस घ्या. किंवा सरळ पितळी पत्रा, ०.४ मिमीचा.

रिवेट पत्र्यावर मागून बोथट सुईने दाबून काढता येतात. १:३७ मध्ये रिवेटचं डोकं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं येतं. ते दिसतं आणि बोटालाही लागतं. १:३५ मापाच्या लष्करी मॉडेलसाठी रेझिनचे रिवेट डेकलही मिळतात. त्याच मापाची माणसं आपल्या ड्रायव्हर-असिस्टंटसाठी चालतील. १:३५ आणि १:३७ मधला फरक माणसांच्या उंचीतल्या रोजच्या फरकापेक्षा जास्त नाही, फक्त गणवेश कापून बदलावा लागेल.

ओ_स्केल_ओंकार

१:३५ चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माणसं, पिंपं, अवजारं, लाकडी खोकी, सगळं त्या मापात मिळतं. १:३७ च्या बाजूने आतापर्यंतचं सगळ्यात व्यवहारी कारण हे आहे. मी तरी माझ्या ३८.५ मिमीवर ठाम आहे.

कोकणकन्या_७१

पितळी ट्रॅक आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात हिरवा पडतो. रुळातून वीज घ्यायची तर रोज घासावा लागतो. मी बॅटरी आणि रेडिओ कंट्रोलवर गेले. लिथियमचे चार सेल सिरीजमध्ये, १४.८ व्होल्ट. ते इंजिनात न ठेवता मागच्या पहिल्या बंद वाघिणीत ठेवा. केबिनच्या खिडक्यांतून आरपार दिसायला हवं, तिथे सेल कोंबले तर इंजिन आंधळं दिसतं. सर्किट आणि स्पीकर नाकात मावतात. पँटोग्राफ मग दिखाव्याचा राहतो, पण तो वर असलाच पाहिजे आणि तारेला हलका टेकलाच पाहिजे.

घाटमाथा

ताई, बॅटरी वाघिणीत हे एकदम पटलं. तारा मी घालणारच आहे, निदान घाटाच्या भागात. खांब रिवेट मारलेल्या पोलादी जाळीचे, जुन्या डीसी पद्धतीचे.

चढण खऱ्याइतकीच ठेवतोय, मीटरला २.७ सेंमी. दहा सेंमी चढायला ३.७ मीटर लागतात, भिंतीची लांबी तेवढी आहे. मागे बँकर (चढावर गाडीला मागून ढकलणारं इंजिन) म्हणून दुसरा खेकडा पुढेमागे होईल. काका, उतरणीला कॅच सायडिंग (ब्रेक न लागलेली गाडी वळवून थांबवणारा बाजूचा मार्ग) ठेवतोय.

ठाकुर्लीकर

ठेव. आणि पॉइंट नेहमी सायडिंगकडेच लावलेला असू दे. गाडी आधी थांबेल, मग मुख्य मार्गाचा पॉइंट फिरेल. लेआउटवर घाट घाटासारखा वाटतो तो या थांबण्याने. लोक नुसती गाडी गोल फिरवतात.

पितळ_आणि_पत्रा

वळणाची त्रिज्या? एलजीबीच्या सगळ्यात लहान ६०० मिमीच्या वळणावर ५४ सेंमीचं इंजिन बाहेर फेकल्यासारखं दिसेल, जरी मधे सांधे असल्याने ते कदाचित जाईल. १२०० मिमीच्या खाली उतरू नका. मधल्या चाकाची फ्लँज (रुळाच्या आत उतरणारी चाकाची कड) थोडी बारीक करा आणि त्या धुरेला आडवी एक मिलिमीटर सैल जागा ठेवा. केबिन आणि नाक यांच्यामधली फट आधी कागदी पट्टीवर दोन्ही बोग्या वळवून बघून ठरवा. सरळ रुळावर सुंदर दिसणारी फट वळणावर घासते.

घाटमाथा

ठरलं तर. १:३७, ४५ मिमी, जीआयपीचा काळ, बॅटरी वाघिणीत, गिअरबॉक्स धुरेवर, १२०० ची त्रिज्या. अंगाला हात लावायच्या आधी एक बोगी पूर्ण करून रॉडसकट चालवून दाखवतो.

वरळीला मापं घ्यायला जातोय, सेंटरच्या ऑफिसला परवानगीचं पत्र दिलंय. एक मीटरची काळी-पांढरी पट्टी सोबत नेणार आहे, म्हणजे प्रत्येक फोटोत माप राहील. मुंबईतलं कोणी सोबत येईल का? टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल.

ठाकुर्लीकर

मी येतो. येताना टॉर्च आण, बोगीच्या आतली ब्रेकची जोडणी दिवसासुद्धा दिसत नाही. आणि दोन्ही बाजूंनी मापं घे. दुरुस्तीत बदललेले भाग एका बाजूला वेगळे असतात, एकाच बाजूवर विसंबू नकोस.

ओ_स्केल_ओंकार

मीही येतो. क्रँकपिनपासून जॅकशाफ्टचं मध्य अंतर आणि रॉडची जाडी मला पण हवी आहे. मापं आली की ड्रॉइंग १:१ मध्ये काढू, मग ज्याला ज्या मापात हवं त्याने छोटं करून घ्यावं.